सुट्टं

लहानपणी मला वाटायचं, अरुशा ही तुरीची जात आहे.

लातूरला आमचं किराणा दुकान होतं, गंजगोलाईपासून चार गल्ल्या आत. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की अण्णा शेजारच्या दलालाशी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, भावांवर बोलत बसायचे आणि त्या बोलण्यात ही नावं यायची: लेमन, अरुशा, मटवारा, गजरी. लेमन लिंबासारखी पिवळी असणार, गजरी गाजराच्या रंगाची, मटवारा जरा मठ्ठ, शिजायला वेळ लावणारी, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. अरुशा मात्र ऐकायला छान वाटायचं. एखाद्या मुलीचं नाव असावं तसं.

२०१६ साली टांझानियात, दार-एस-सलामला आले; शहराला सगळे नुसतं 'दार' म्हणतात. डाळी आणि तेलबिया बाहेर पाठवणाऱ्या एका कंपनीत हिशोब बघायचं काम. पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या भिंतीवरच्या नकाशात अरुशा दिसलं. वर उत्तरेला, किलीमांजारोच्या शेजारी, चांगलं मोठं शहर. आणि खाली दक्षिणेला, मोझांबिकच्या सीमेला टेकलेलं म्ट्वारा. आमच्या मोंढ्याने दोन गावांची नावं उचलून तुरीला दिली होती आणि गावं विसरून गेला होता. मी अण्णांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं मग, तिथं काय भाव चालूय?"

इथे येऊन इतकी वर्षं झाली, टांझानियाबद्दल काहीतरी लिही, असं मैत्रिणी म्हणतात. त्यांच्या डोळ्यांपुढे सेरेंगेटी असतं, सिंह असतो, झांझिबारचा समुद्र असतो. ते सगळं आहे आणि छानच आहे. मला लिहायचंय ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मांगीच्या दुकानाबद्दल.

मांगी हे त्याचं नाव नव्हे. किलीमांजारोच्या उतारांवर राहणाऱ्या चग्गा लोकांच्या मुखियाला मांगी म्हणत. चग्गा माणसं धंद्यात पुढे. दारच्या गल्लोगल्ली किराणा दुकानं त्यांची, म्हणून दुकानदार तो मांगी. आपल्याकडे खेड्यात दुकान कुणाचंही असलं तरी म्हातारी माणसं 'मारवाड्याकडून आण' म्हणतात, तसंच. दुकानाला पुढून लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी, आत फळ्यांवर साबण, माचिस, मीठ, सेंबे म्हणजे मक्याचं पांढरं पीठ, डोना म्हणजे कोंड्यासकट दळलेलं. वरून लोंबणाऱ्या शांपूच्या आणि धुण्याच्या पावडरीच्या पुड्यांच्या माळा. मी पहिल्यांदा त्या जाळीसमोर उभी राहिले तेव्हा परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. भाषासुद्धा अर्धी ओळखीची. दुकान म्हणजे दुका. पैसा म्हणजे पेसा. हिशोब म्हणजे हेसाबु. गाडीला गारी, विम्याला बिमा, चहाला चाय, चपातीला चपाती. आणि लाख म्हणजे लाकी! जगात लाखात मोजणारे आपणच, अशी माझी समजूत होती.

मांगीकडे फारसं कुणी किलोने काही घेत नाही. साखर 'रोबो', म्हणजे पाव. सिगारेट एक. खोबरेल तेलाची बाटली महिनाभर पुरवायची असा विचारच नाही, पुडी फोडायची आणि आजचं आज. खायचं तेल 'या कुपिमा', म्हणजे मापून घेतलेलं. आपलं सुट्टं तेल. पिंपातून मापाने काढायचं, प्लास्टिकच्या पातळ पिशवीत ओतायचं, गाठ मारायची. पाचशे शिलिंगांना इथे 'जेरो' म्हणतात आणि हजाराला 'बुकू'. साधारण तीस शिलिंगांचा एक रुपया धरा. जेरोचं तेल, जेरोची साखर, बुकूचं पीठ. संध्याकाळी सहा ते आठ त्या खिडकीत नुसते हात दिसतात, आणि प्रत्येक हातात एकच नोट.

हिशोबनिसाची खोड म्हणून एकदा मी जेरोचं तेल घरी आणून मापलं. सत्तर मिली भरलं. म्हणजे लिटरला सात हजारांच्या वर. त्याच दिवशी त्याच दुकानात सीलबंद लिटरची बाटली साडेपाच हजारांना होती.

ज्याच्याकडे साडेपाच हजार एकदम आहेत, त्याला तेल स्वस्त. ज्याच्याकडे पाचशेच आहेत, त्याला तेच तेल तीस टक्के महाग. यात मांगी लबाड आहे असं नाही. पिंप, पिशव्या, सांडलवंड, रात्री दहापर्यंत जाळीआड बसणं, शिवाय उधारीची वही. हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण हेच वाक्य मी अण्णांच्या तोंडून ऐकत मोठी झाले: "डब्यामागं रुपया सुटतो, सुट्ट्यामागं चार. दुकान सुट्ट्यावरच चालतंय बघ." दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची डाळ, दोन रुपयांची चहापत्ती. हमाल, विटा-वाळूवर जाणाऱ्या बाया, मोंढ्यात झाडलोट करणाऱ्या. हातावरचं पोट असलेली माणसं. आमच्या तिघा भावंडांची शिक्षणं त्या चार रुपयांवर झाली, हे मला वाणिज्य शाखेत पदवी घेऊनही कधी सुचलं नव्हतं. ते सुचायला समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या दुकानासमोर उभं राहावं लागलं.

काही दुकानदार मापाच्या तळाला आतून ठोका द्यायचे. तळ वर येतो, डोळ्याला दिसत नाही, मापात चमचाभर कमी बसतं. बाजारात हे सगळ्यांना माहीत असायचं. आमच्या मापाबद्दल मी कधी विचारलं नाही.

भाजीबाजारात वजनकाटा दिसतो तो मुख्यतः मोठ्या गिऱ्हाइकांसाठी. बाकी सगळं 'फुंगु'वर. फुंगु म्हणजे आपला वाटा. चार टोमॅटो खाली, एक वर, असे पोत्यावर मांडलेले ढीग. यातली गंमत अशी की महागाई आली तरी वाट्याचा भाव बदलत नाही, वाटा बदलतो. पाचाचे चार होतात, चाराचे तीन आणि एक किडका. लाकडी कोळशाचंही तसंच. दारमधली बरीच घरं अजून कोळशावर रांधतात. कोळसा डब्याने मिळतो, दोनेक दिवसांचा. गॅसचा सहा किलोचा छोटा सिलिंडर आहे, पण तो भरायला वीस-पंचवीस हजार एकदम मोजायला लागतात. जंगल वाचवायचं, बायकांची फुप्फुसं वाचवायची, म्हणून सरकारने २०२४ मध्ये धोरण आणलं की २०३४ पर्यंत ८० टक्के लोक स्वच्छ इंधनावर यायला हवेत. धोरण चांगलंच आहे. पण अडलंय ते गॅसच्या किमतीपेक्षा 'एकदम' या शब्दापाशी.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना मी दादा म्हणते आणि त्याही मला दादा म्हणतात. स्वाहिलीत दादा म्हणजे ताई, आणि काका म्हणजे भाऊ. आईला हे फोनवर सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली, कुठल्याही नात्याने का होईना, हाक मारताहात ना.

दादा म्बागालाला राहतात. दोन डालाडाला बदलून येतात. डालाडाला म्हणजे इथली वडाप, माणशी भाड्याची छोटी बस. पाच शिलिंगांच्या नाण्याला कधीकाळी लोक 'डाला', डॉलर, म्हणत आणि भाडं तेवढं होतं, त्यावरून हे नाव पडलं. पाच शिलिंग! आता पन्नासाच्या खालचं नाणं हातात पडत नाही. त्यांचं घर म्हणजे मधे बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन खोल्या, मागे समाईक अंगण, नळ, संडास. सहा खोल्या, सहा बिऱ्हाडं. विजेचा मीटर एक.

या मीटरला लुकू म्हणतात. लिपा उमेमे कादिरी उतुमियाव्यो, वापराल तशी वीज भरा, याची आद्याक्षरं. मोबाइलवरून पैसे भरायचे, वीस आकडी टोकन येतं, ते मीटरच्या बटणांवर दाबायचं, की वीज जमा. आपल्याकडे २०२४ साली प्रीपेड मीटरवरून केवढं रान पेटलं. इथे ती कधीची सवयीची गोष्ट झालीय. मी महिन्याचे एकदम भरते आणि विसरून जाते. दादांच्या घरी बुकू-बुकूची वीज येते. बुकूत पावणेतीन युनिट, त्याच्या आसपास.

आता यातली मेख बघा. महिन्याला ७५ युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या गरीब घरांसाठी स्वस्त दर आहे, युनिटला मूळ दर १०० शिलिंग. नेहमीचा दर त्याच्या जवळजवळ तिप्पट. पण सहा बिऱ्हाडं एका मीटरवर असली की प्रत्येकाचा एक दिवा, एक टीव्ही, एखादा पंखा मिळून ७५ चा आकडा पहिल्या पंधरवड्यातच ओलांडला जातो आणि सगळं घर महाग दरात जातं. स्वस्त वीज कागदोपत्री ज्यांच्यासाठी, त्यांनाच ती लागू होत नाही. कुणी मुद्दाम केलेलं नाही. मीटर बिऱ्हाडं मोजत नाही, एवढंच. त्यात २०२१ पासून घरपट्टीही लुकूतूनच वसूल होते; साध्या घराला महिन्याला १,००० शिलिंग, पुढे १,५०० झाले. महिन्यातली पहिली वीज जो भरेल त्याच्या पैशांतून ते आधी कापले जातात. घर मालकाचं, पट्टी भाडेकरूची. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला म्बागालाच्या त्या अंगणात सगळे एकमेकांकडे बघत बसतात, आज आधी कोण भरतंय. दादा हे सांगताना इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. स्वाहिलीत घरभाड्यालाही 'कोडी' म्हणतात आणि करालाही कोडी. फरक करण्याची लोकांना गरज वाटली नसावी.

रुफिजी नदीवर देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या नावाचं मोठं धरण बांधलंय, क्षमता २,११५ मेगावॉट. पहिलं जनित्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं आणि त्याआधीच्या वर्षी आम्हाला छळणारं भारनियमन बरंच कमी झालं. देशात वीज आहे. आमच्या इमारतीत रात्री दिवे गेले तर आम्ही खिडकीतून बघतो की सगळ्या वस्तीचे गेलेत का. दादांकडे गेले तर त्या बघतात की आज बुकू कुणाकडे आहे.

एका रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. खात्यात पैसे नव्हते, मुलीची परीक्षा होती. मी तीन हजार भरले, टोकन माझ्या फोनवर आलं, संदेश पुढे जाईना म्हणून आकडे वाचून दाखवायला लागले. मोजा, टाटू, टाटू, सिफुरी, तिसा. पलीकडे अंधारात त्या एकेक आकडा मोठ्याने म्हणत होत्या आणि कुणीतरी दाबत होतं. चौदाव्या आकड्यावर चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. वीस आकडे झाल्यावर पिऽप असा आवाज आला आणि सहाही खोल्यांमधून पोरांचा एकच ओरडा.

मोबाइलचे पैसे ही मात्र इथली खरी क्रांती, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीची. एम-पेसा शेजारच्या केनियात २००७ ला आली, इथे २००८ ला. चौकाचौकांत छत्रीखाली 'वकाला' बसलेला असतो, म्हणजे एजंट; त्याच्याकडे नोट द्यायची, फोनमध्ये पैसे येतात. बँकेची पायरी न चढलेली बाई गावाकडे आईला पैसे पाठवते. जुलै २०२१ मध्ये सरकारने या प्रत्येक व्यवहारावर 'टोझो', म्हणजे कर, लावला, लहान रकमेवर लहान, मोठ्या रकमेवर दहा हजारांपर्यंत. लोक इतके भडकले की सप्टेंबरमध्ये तो ३० टक्के कमी करावा लागला. माझ्या टेबलावर तेव्हा महिन्याचे टोझोचे आकडे येत आणि मला ते किरकोळ वाटत. दादांनी मात्र नोट हाती द्या म्हणून सांगितलं आणि परत डालाडालात बसून, पदराच्या गाठीत पैसे बांधून नेऊ लागल्या. पदर म्हणजे खांगा, इथलं लुगडं. गाठ तीच.

आमच्या इमारतीचे राखणदार आजोबा सत्तरीचे. मांगीच्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणतात, तुम्हाला काय ठाऊक, एकदा सरकारने दुकानंच बंद केली होती. खरं आहे. अरुशा म्हटलं की मला तूर आठवते, त्यांना जाहीरनामा. ५ फेब्रुवारी १९६७ ला ज्युलियस न्येरेरेंनी समाजवादाचा 'अरुशा जाहीरनामा' मांडला: उजामा, सगळा देश एक कुटुंब. बँका, कारखाने, मोठ्या इमारती सरकारजमा झाल्या. विखुरलेल्या वाड्यांतली लाखो माणसं नव्या खेड्यांत हलवली गेली, कित्येकदा जबरदस्तीने. १९७६ मध्ये 'ऑपरेशन मादुका' निघालं: खासगी दुकानं बंद, त्यांच्या जागी गावाचं सहकारी दुकान. न्येरेरे स्वतः साधे, लोभी नव्हे; दुकानदार सुट्ट्यामागे चार रुपये कमावतो, ते गावात राहावेत, हा विचार मला, एका दुकानदाराच्या मुलीला, आजही चुकीचा वाटत नाही. पण गावाच्या दुकानात मालच येईना. खनिज तेलाच्या भाववाढीच्या झटक्यांनी आणि युगांडाशी झालेल्या युद्धाने तिजोरी रिकामी. आजोबा सांगतात, साबणाच्या एका वडीसाठी पहाटेपासून रांग, आणि आत गेल्यावर कळायचं की आज फक्त मीठ आहे. १९८५ ला न्येरेरे स्वतःहून पायउतार झाले. पाठचे म्विन्यी आले, त्यांना लोक 'म्झे रुक्सा' म्हणायचे, परवानगीवाले आजोबा: दुकान काढू? रुक्सा. बाहेरून माल आणू? रुक्सा. साबण आला. त्याबरोबर साबण घेता न येणंही आलं, असं आजोबा म्हणतात, पण लगेच हेही सांगतात की त्या रांगेत त्यांना परत उभं राहायचं नाही.

रिक्षाला इथे बजाजी म्हणतात. रिक्षा टीव्हीएसची असली तरी बजाजीच. पुण्याच्या आडनावाचं सामान्यनाम होऊन ते दारच्या खड्ड्यांतून उड्या मारत फिरतंय, याचा मला उगाच अभिमान वाटतो. मोटरसायकलची टॅक्सी म्हणजे बोडाबोडा. नेहमी मला ऑफिसला सोडणारा पोरगा बजाजची बॉक्सर चालवतो. गाडी त्याची नाही, मालकाची, 'म्काताबा'वर घेतलेली. करार असा की तेरा महिने, रविवार धरून, रोज दहा हजार शिलिंग मालकाला द्यायचे, मग गाडी त्याची. या रोजच्या दहा हजारांना शब्द काय, तर हेसाबु. 'आज हेसाबु झाला का' म्हणजे आज मालकाचे निघाले का. त्यानंतर पेट्रोल. त्यानंतर पोलीस. त्यानंतर जे उरेल ते त्याचं. मी सिग्नलवर मागे बसल्या बसल्या गुणाकार केला: साडेएकोणचाळीस लाख. तीच गाडी रोख घेतली असती तर अठ्ठावीसच्या आसपास पडली असती. त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "दादा, रोखीची किंमत मला माहिती आहे. रोख कुठंय?"

ऑफिसात एकदा सरकारी पाहणीचा अहवाल हाती आला. २०१७-१८ च्या पाहणीत टांझानियाची दारिद्र्यरेषा होती प्रौढ माणशी महिन्याला ४९,३२० शिलिंग. २६.४ टक्के लोक तिच्या खाली. आधीच्या पाहणीत, २०१२ मध्ये, २८.२ टक्के होते. त्याआधी २००७ मध्ये ३४.४. मी सवयीने तिसाने भागलं: दिवसाला १,६४४. एक बुकू, एक जेरो आणि वर थोडे सुट्टे. पण महिन्याची सरासरी ही माझ्यासारख्या पगारदारांची गोष्ट. बोडावाल्याचा एक दिवस पंधरा हजारांचा असतो आणि पुढचा पावसाचा, शून्याचा. रेषेच्या वर-खाली तो आठवड्यातून तीनदा होत असेल.

जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने देशाला वरच्या गटात घातलं, 'निम्न-मध्यम उत्पन्न'. दरडोई १,०८० डॉलर. स्वतः सरकारने हे २०२५ साठी ठरवलं होतं, पाच वर्षं आधीच गाठलं, त्यामुळे पेपरात फोटो, भाषणं. मांगीच्या खिडकीत त्या संध्याकाळी तेच हात, त्याच नोटा. मी हे कुचेष्टेने लिहीत नाही. एक आकडा असा आहे की त्यापुढे मी गप्प होते: पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं २००४-०५ च्या पाहणीत हजारी ११२ होती, २०२२ च्या पाहणीत ४३. राखणदार आजोबांची तीन गेली. दादांची तिन्ही शाळेत जातात. सोनं, पर्यटन, नवी विजेवरची रेल्वे, पाच-सहा टक्क्यांची वाढ, या सगळ्यातलं काहीतरी झिरपलंच. कुठून, कसं, हे मला सांगता येणार नाही, पण त्या अंगणात तीन पोरं दिसतात.

तुरीकडे परत येते, कारण माझं पोट तिच्यावर आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने मला बाबातीला पाठवलं, अरुशाच्या नैऋत्येला, गोदामातला साठा तपासायला. तुरीला इथे म्बाझी म्हणतात. मक्यात आंतरपीक, मका निघून गेला तरी तूर उभी असते, माणसाच्या डोक्याच्या वर. आपल्याकडे कापसात किंवा सोयाबीनमध्ये ओळी असतात तशाच ओळी. अंगणात तुराट्यांचे भारे रचलेले, चुलीसाठी. मी एक तुराटी उचलून मोडली तर तोच आवाज, तोच वास, औशाला मामाच्या शेतातला. शेतकरी ही तूर स्वतः फार खात नाहीत, त्यांचं खाणं मका आणि घेवडा. तूर विकायला. विकायची कुणाला, तर आपल्याला.

२०१५ मध्ये भारतात तूरडाळ दोनशे रुपये किलोला जाऊन पोहोचली होती. तो भाव ऐकून इथल्यांनी तूर वाढवली. तोच भाव ऐकून माझ्या मामानेही वाढवली. २०१६-१७ ला पाऊस बरा झाला, भारतात विक्रमी पीक आलं. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये, बाजारात त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही म्हणून माप बंद, मामा चार रात्री ट्रॉलीखाली झोपला. मग ५ ऑगस्ट २०१७ ला सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मामासाठी ते योग्यच होतं, फार तर उशिरा झालं. पण तो ऑगस्ट म्हणजे बाबातीच्या काढणीचा महिना.

गोदामाबाहेर बाया पोती घेऊन बसल्या होत्या. आमचा खरेदीचा काटा बंद. खरेदीवाल्याने मला म्हणून सांगितलं, वरून आदेश आहे, थांबा म्हणतात. भाव नव्हताच, जो मागेल तो देईल तेवढा. एका बाईने मला विचारलं, "तुमच्याकडच्या लोकांनी म्बाझी खाणं सोडलं का?" नाही, असं म्हणाले. पुढचं सांगण्याएवढी माझी स्वाहिली तेव्हा नव्हती. आता आहे, पण पुढचं काय सांगायचं हे अजून ठरलेलं नाही. त्या रात्री लॉजवरून मामाला फोन केला. त्याची तूरही अजून घरातच होती.

मे २०२१ मध्ये भारताने आयात पुन्हा खुली केली, आणि भाव परत चढले. तोवर बाबातीतल्या अनेकांनी तूर कमी केली होती. ऐंशी पोत्यांचा शेतकरी भाव पडला तर थांबू शकतो, साठवू शकतो. चार पोत्यांच्या बाईला शाळेच्या गणवेशासाठी त्याच आठवड्यात विकायला लागतं. खरेदी करताना जेरोचं तेल, विकताना चार पोती: दोन्हीकडून सुट्टं.

दादांच्या वस्तीत एक 'किकोबा' चालतो. आपली भिशी, पण जरा पुढची. बावीस बाया, दर शनिवारी 'हिसा' म्हणजे हिस्से भरतात. पैसे एका 'संदुकू'त, तिला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे, संदूक चौथीच्या घरी. जिला गरज तिला कर्ज. एकदा वहीचा मेळ बसेना म्हणून दादांनी मला नेलं. व्याज बघून मी दचकले, महिन्याला दहा टक्के! अण्णांच्या वेळचे सावकार आठवले. मी तसं म्हटल्यावर अध्यक्षीणबाईंनी मला शांतपणे समजावलं: व्याज जातं कुठे, ते बघ. डिसेंबरात किकोबा 'फोडतात', तेव्हा सगळं व्याज हिश्शांप्रमाणे त्यांच्यातच वाटलं जातं. मी वहीत डोकं घातलं. चूक चारशे शिलिंगांची होती, उशिरा येणाऱ्या एकीच्या दंडाची. ती सापडल्यावर टाळ्या वाजल्या, सोडा आला आणि मला उशिरा आल्याबद्दल दोनशेचा दंडही झाला.

त्या वाटपातून दादा दर डिसेंबरात विटा घेतात. सिमेंटच्या विटा, चनिकाकडच्या त्यांच्या तुकड्यावर रचून ठेवलेल्या. दार शहर सोडून बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशी अर्धवट घरं दिसतात, छत नसलेली, खिडक्यांतून झाडं आलेली. आल्या आल्या मला वाटलं होतं, दिवाळखोरीत गेलेल्या योजना असणार. त्या बचती आहेत. नोट घरात राहिली तर दहा हात पसरतात. वीट कुणी उसनी मागत नाही.

२०२३ मध्ये अण्णा आले, महिनाभर. दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती. गेंडे-जिराफ दाखवायला नेलं तर गाडीत झोपले. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून म्हणाले, त्या दुकानावर जाऊन येऊ.

संध्याकाळची गर्दी होती. मांगीने म्हातारा माणूस पाहून जाळीतूनच मान लववली, "शिकामू, म्झे." याचा मूळ अर्थ, तुमचे पाय धरतो. अण्णांना मी उत्तर शिकवून ठेवलं होतं, ते ऐटीत म्हणाले, "मरहबा." मग दोघे बोलू लागले, एक लातूरच्या मराठीत, एक स्वाहिलीत. दुका, हेसाबु, पेसा, चाय. उधारीची वही मांगीने आपणहून काढून दाखवली. अण्णांनी पानं उलटली, एका नावापुढच्या लांबलचक यादीवर बोट ठेवून हसले. मांगीही हसला.

मग त्यांनी तेलाच्या पिंपाकडे बोट केलं. मांगीने विचारलं किती, मी म्हटलं जेरोचं. तो माप बुडवणार तेवढ्यात अण्णांनी खिडकीतून हात आत घालून माप मागितलं. मांगीला वाटलं, कुठल्या धातूचं आहे ते बघायचं असेल. त्याने पुसून हातात दिलं. अण्णांनी ते उलटं केलं आणि तळावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा, सावकाश.

तळ सपाट होता.

माप त्यांनी परत दिलं. तेलाची पिशवी घेतली, गाठ घट्ट आहे का पाहिलं. घरापर्यंत मी दोन-तीनदा काहीबाही विचारलं, त्यांनी हं हं केलं. पिशवी दोन्ही तळहातांवर धरून चालत होते, कुठे टोचून गळू नये म्हणून.